बैलाचं माप

अंगठी म्हणलं मी, शेट, जोडवी नाय. हाताच्या बोटातली. रुप्याची. बाईमाणसाची. — आता तुमी माझ्या मिशांकडं बघताय. बघा, बघा, पिकल्यात, मला ठावं हाय, रोज सकाळी घंगाळाच्या पाण्यात मला पण दिसतात. लेकीसाठी? नाय वो. लेक लग्न होऊन गेली, तिचं काय करायचं ते तिचा नवरा करील. मग कुणासाठी? तेच सांगतो. पण आधी ते दार जरा लोटून घ्या. नाय, चोरीबिरीचं काय नाय, माझ्या बापाचा रुप्याचा करदोडा हाय हा, कमरेला बांधलाय, ह्याच्यातल्या थोड्या कड्या काढा नि वितळवा. दार लोटा म्हणलं ते लाजेपायी. ह्या वयात माणसाला लाज वाटते म्हणजे बघा.

मी लडकू. भिवपुरीच्या अलीकडं आमचं गाव, भाताची शेती, बैलजोडी, एक म्हैस. दूध घालतो मी बिजलीघराच्या बंगल्यांवर. — एवढ्या लांबनं खालापूरला कशाला आलो? कर्जतला सोनार नाय का? हाय की! चांगला कारागीर हाय. पण त्याची बायको आमच्या गावची माहेरवाशीण. मी त्याच्या पायरीवर बसलो ना, तर मी घरी पोचायच्या आधी गावात कळतं, लडकू सोनाराकडं गेल्ता. नि एकदा का आमच्या आळीतल्या गौराबाईला कळलं, की मग डोंगरावरच्या ठाकरवाडीत पण कळलं. म्हणून तांबडं फुटायच्या आधी निघालो नि तुमच्याकडं आलो. तुमाला मी ठावा नाय, मला तुमी ठावं नाय, बरं पडतं.

तर तिचं नाव येसूबाई. — आता कुठं तुमी पानाची चंची खाली ठेवलीत! बसा, बसा, नीट ऐका. आमच्या भाऊबंदातली बाई. तिचा नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला, माझी बायको पण त्याच साथीत गेली. तेव्हा गावात रडायला माणूस उरलं नव्हतं, सगळे आडवे. आता ती जावेच्या घरात राहते. जाऊ म्हणजे हीच गौराबाई. बाई वाईट नाय, पण तिच्या तोंडाला कवाड नाय. येसूबाई माझ्याकडं खळं सारवायला येते, भात कांडायला येते, नि मी तांदूळ देतो. बस, एवढंच. — एवढंच कसं, म्हणता? बरं. मागच्या पावसाळ्यात मला हिवताप आला व्हता. घरात मी एकटा, गोधडीत कुडकुडत पडलेला. तर रोज ओटीवर पेजेचं भांडं. वरती पळसाचं पान झाकलेलं, पानावर मिठाचा खडा. कोण ठेवून गेलं ते दिसायचं नाय. मी बरा झालो, भांडं घासून तिच्या दारात नेलं, नि सांगायचं व्हतं — किती काय सांगायचं व्हतं, शेट! वाटेत सगळं जुळवलं व्हतं मी. नि दारात जाऊन काय म्हणलो? 'हे भांडं तुमचं का?' ती म्हणली, हो. मी ठेवलं नि आलो.

हसा. तुमाला वाटत असंल, हा तर गिरणीसारखा बोलतोय, ह्याला बोलायची काय अडचण? हितं बोलतो वो! बैलाशी बोलतो, म्हशीशी बोलतो, बिजलीघरच्या खानसाम्याशी तर दूध नासेपर्यंत बोलतो. तिच्यापुढं गेलो की जीभ टाळूला चिकटते. म्हणून तर अंगठी. ती अक्कल त्या खानसाम्याचीच. साहेबाच्या मडमेच्या बोटात अंगठी दिसली, मी इचारलं, ही कशाची रे? तो म्हणला, त्यांच्यात पुरुष बाईपुढं अंगठी धरतो, ती घेतली की झालं, लगीन ठरलं, फार बोलावं लागत नाय. — फार बोलावं लागत नाय! माझ्या मनानं तेवढंच धरलं. आमच्यात इधवेचा पाट लावतात, पाटाला लुगडं लागतं, बांगड्या लागतात, चार माणसं लागतात, पण त्या आधी कुणीतरी तोंड उघडावं लागतं ना? ते अंगठी उघडील.

माप. हां, मापावरच येतोय. मापानंच माझी अब्रू घालवली.

तुमी सोनार माणसं, तुमच्याकडं बाई आली, बोट पुढं केलं, झालं काम. मला तिच्या नकळत घरच्या घरी माप घ्यायचं व्हतं. मग मी काय केलं? तिनं खळं सारवलं ना, शेणाचं, तर सारवणात बोटं उमटतात बघा, अर्ध्या चंद्रासारखी, एका पुढं एक. ती गेली नि मी खळ्यात पालथा पडलो. भाताची काडी घेतली, एकेका बोटाच्या चरीत आडवी धरून बघितली, कुठलं करंगळीचं, कुठलं तिच्या शेजारचं. ऊन चढलं तरी मी पालथाच. शेजारचा सखा बांधावरनं जात व्हता, म्हणला, लडकूदादा, काय हरवलं का? मी म्हणलं, मुंगी बघतोय. तो पण येऊन पालथा पडला नि मुंगी शोधायला लागला! — बरं, काडी मोडून घरी आणली, तिच्यावरनं तारेचं वेटोळं केलं, नि बघतो तर माझा पायाचा अंगठा आरामात आत. शेणात बोट फिरलं की चर बोटाहून रुंद होते, हे बारक्या पोरीला पण कळतं. मला पालथं पडून कळलं.

मग म्हणलं, आपल्या बोटाशी ताडून बघू. ती तांदूळ घ्यायला आली, सुपात मी घालत व्हतो, तिचा हात सुपाखाली, माझा वरती. मी आपला बघतोय, माझी करंगळी नि तिचं बोट, तिचं बोट नि माझी करंगळी, नि तांदूळ चाललेत सगळे जमिनीवर. ती म्हणली, भावजी, कोंबड्यांना घालताय का? — भावजी म्हणते ती मला. आधीपासनं. तिच्या नवऱ्याचा मी लांबचा भाऊ ना.

पण खरी फजिती पुढंच हाय. बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ तुटली व्हती, मी ओटीवर बसून ओवत व्हतो. त्या माळेत पितळी कड्या असतात, लहानमोठ्या. एक कडी हातात आली नि माझ्या डोक्यात उजेड पडला. येसूबाई मुसळ ठेवून घाम पुसत व्हती. मी म्हणलं, 'येसूबाई, ह्याच्यात जरा बोट घाला.' ती म्हणली, 'का वो?' मी म्हणलं, 'घाला की.' 'कुठलं?' 'करंगळीच्या शेजारचं.' तिनं माझ्याकडं असं बघितलं — नि घातलं. बसली की कडी! अशी बसली, शेट, तुमी घडवली असती तर अशी बसली नसती. मी मनात म्हणलं, लडकू, जिंकलास. आणि म्हणलं, आता काढा.

निघंना.

ओढली, निघंना. तेल लावलं, निघंना. रिठ्याचा फेस केला, विहिरीचं गार पाणी घातलं, बोट लाल झालं, सुजलं, वांग्यासारखं. ती दात आवळून बसलेली, नि मी तिच्याभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरतोय. तेवढ्यात गौराबाई. बोंबलत आली, 'अगं काय केलं गं हे! बोट तोडायला लागंल आता!' झालं, आळी गोळा. कुणी म्हणतंय कानस आणा, कुणी म्हणतंय कर्जतला डाक्टरकडं न्या. शेवटी येसूबाईनंच पदराचा दोरा काढला, बोटाच्या टोकापासनं गच्च गुंडाळत गेली, दोऱ्याचं टोक कडीखालनं घेतलं, नि तो उलगडत उलगडत कडी वर सरकवली. आली बाहेर. आणि मग सगळ्यांपुढं तिनं मला इचारलं. रागानं नाय, हळूच. 'भावजी, बोट कशाला घालायला सांगितलंत?'

हीच येळ व्हती, शेट. देवानं ताटात वाढून दिलेली. आळी उभी, ती इचारतेय, मी नुसतं म्हणायचं व्हतं — नि मी काय म्हणलो, ठावं हाय? म्हणलो, 'बैलाचं माप घेत व्हतो.'

हसा, हसा, पोट धरून हसा. सगळी आळी हसली. बाईच्या बोटावर बैलाचं माप! गौराबाईनं ती कडी ठेवून घेतली, आल्यागेल्याला दाखवते. म्हणून ती कडी तुमच्याकडं आणता आली नाय. सगळे हसले, पण येसूबाई हसली नाय. सुजलेलं बोट दुसऱ्या मुठीत धरून निघून गेली. मग आलीच नाय ती. मुसळ कोपऱ्यात, खळ्यातलं सारवण उकललं, मी भात तसाच शिजवून खातोय, अर्धा तूस, अर्धा तांदूळ.

त्यात नवीन बातमी आली. तिचा भाऊ भिवाजी शेलूला राहतो, त्यानं तिकडं एक स्थळ बघितलंय. बिजवरच, पण माणूस तालेवार, स्टेशनाजवळ जमीन, नि बोलायला एकदम फाकडा म्हणे. फाकडा! मला रात्रभर — जाऊ द्या.

तर काल सकाळी मी गोठ्यात, नि दारात ती. हातात दोरा. लुगड्याच्या काठाचा, गाठ मारून वेटोळं केलेलं. हेच ते, हे बघा, पागोट्यात खोचून आणलंय, सांभाळून धरा, ताणू नका. ती म्हणली, घ्या बैलाचं माप. मला थट्टाच वाटली, पण मनात म्हणलं, लडकू, बघ कशी फसली! ती देतेय बैलासाठी, नि आपण लावू अंगठीला. तिला पत्ता पण नाय! आयुष्यात पयल्यांदा मी कुणाला फसवलं, शेट, तेच्यावर मी इतका खूश, की हितपर्यंत चालत आलो तर पाय दुखले नायत.

काय? अजून काय बोलली का? बोलली ना. म्हणली, 'उद्या भिवाजीदादा यायचाय मला न्यायला.' मी म्हणलं, बरं. — बरं म्हणलं वो मी! दुसरं काय सुचतंय? मग जरा उभी राहिली. म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवला. मग म्हणली, 'अवो, जरा सैल करायला सांगा हां, भात कांडताना बोटं सुजतात माझी.' मी म्हणलं, बरं, सांगतो सैल करायला. तर तुमी जरा सैलच ठेवा, म्हणजे बैलाला —

थांबा.

काय म्हणली ती? कांडताना. बैल कुठं कांडतो?

नि 'बोटं सुजतात माझी'... शेट, तुमी हसत का नाय आता? मघापासनं हसत व्हता ना? तुमाला केव्हा कळलं? — दोरा हातात घेतला तेव्हाच? मग बोलायचं ना! तुमी नुसते मान हलवत बसलात, नि मी हितं शहाणा होऊन सांगतोय, तिला फसवली! — आणि 'अवो' म्हणली. भावजी नाय म्हणली. ह्या एवढ्या वर्षांत पयल्यांदा भावजी नाय म्हणली. मी गोठ्यात व्हतो, हात शेणाचे, डोळ्यापुढं बाई उभी, नि मी म्हणतोय बरं. तिनं आपल्या हातानं आपल्या बोटाचं माप आणून दिलं, सैल ठेवा म्हणली, भाऊ उद्या येतोय म्हणून सांगितलं, दुसऱ्या कुठल्या बाईनं ह्याहून जास्त काय बोलावं? आणि मी तिला तिथंच उभी टाकून सोनार शोधायला निघालो!

उद्या म्हणजे आज. आज येणार भिवाजी. खोपोलीवरनं कर्जतला गाडी केव्हा सुटते वो? दुपारची हाय ना? भेटंल ना मला? भेटंल. नाय भेटली तर पळत जाईन, ह्या मिशा घेऊन पळत जाईन, लोकांना काय बघायचं ते बघू द्या.

नाय, करदोडा नको सोडायला. बसा तुमी. अंगठी मागनं. ती हो म्हणली तर तिलाच घेऊन येतो, तुमी नीट तिच्या बोटावर घाला माप, नि नाय म्हणली तर — तर मी पण तोंड दाखवत नाय तुमाला. पण तिथं जाऊन म्हणू काय? आधी भिवाजीला रामराम घालायचा, का सरळ तिलाच — काय म्हणता? नको, नको, तुमी शिकवू नका. आणि मी पण आता एक शब्द बोलत नाय. मोठ्या मुश्किलीनं तोंडात आलेत, सगळे हितंच सांडले तर तिला काय सांगू? — सरा. दार उघडा.