कुणा एका मरियाची पेटी

दवाखान्यात बाळाला थोपटता थोपटता एका आईचे कान शेजारच्या बाकाकडे लागले. तिथं थडग्यांवर नावं कोरणारे एक आजोबा आणि चर्चमध्ये मुलांना शिकवणाऱ्या त्यांच्या वहिनी यांची जुंपली होती.

“भावजी, येशूच्या आईची कबर सापडली! अस्थी ठेवायच्या दगडी पेटीवर चक्क ‘मरिया’ कोरलंय. टीव्हीवर दाखवलं.”

“वहिनी, तेव्हा घरोघरी मरिया होत्या. पेटी कुठून खणून काढली, तेही दाखवलं?”

“छे! कुणा व्यापाऱ्याकडे होती म्हणे.”

“झालं मग! कुठल्या कबरीतली, कोण सांगणार?”

“अहो, उद्या मी मुलांना सांगणार होते!”

“सांगा की. कुणा एका मरियाची जुनी पेटी मिळाली.”

“आणि ‘कुठली मरिया’ असं विचारलं तर?”

“म्हणायचं, ठाऊक नाही.”

“बाईंनीच असं म्हणायचं?”

“एकदा म्हणून तर बघा. मग तुम्ही ‘ठाऊक आहे’ म्हणाल, तेव्हा पोरं विश्वास ठेवतील.”