आडात पाच लिटर

सर : खोडलेलं तपासायचं नाही, हा नियम तुम्हीच केलात, बाई. आणि आता तुम्हीच मला खोडलेलं दाखवताय.

बाई : तपासा कुठे म्हणतेय मी? तिला विचारू या, एवढंच. तोंडी परीक्षा त्यासाठीच ठेवलीय ना? ये गं, बस. घाबरू नकोस.

मुलगी : नाही घाबरत, बाई. म्हणजे, घाबरलेय. आज नापास झाले तर विज्ञान सोडावं लागेल म्हणाले ऑफिसात.

सर : बरोबर म्हणाले. पहिल्या वर्षाला आकड्यांची समज नसेल, तर पुढे प्रयोगशाळेत काय दिवे लावणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

बाई : सर, मला विचारू तरी द्या. हे बघ, हा तुझा हृदयाचा प्रश्न. एका ठोक्याला सत्तर मिलिलिटर रक्त पुढे ढकललं जातं, मिनिटाला सत्तरेक ठोके. तर दिवसभरात किती? तू सगळं नीट मांडलंस, सात हजार लिटरपर्यंत आलीस, आणि त्यावर रेघा मारून मोकळी झालीस. का गं?

मुलगी : सात हजार लिटर म्हणजे पाण्याचा टँकर, बाई. आमच्या गल्लीत येतो ना, तेवढा. माणसाच्या अंगात टँकर कसा मावेल?

सर : गुणाकार चुकला असं वाटलं?

मुलगी : पुन्हा पुन्हा केला, तेच येत होतं. पण सर, तुम्हीच सांगता ना, उत्तर आलं की त्याला विचारावं, बाबा रे, तू खरा वाटतोस का? मला नाही वाटला. अंगात रक्त असतं पाच लिटर. मग मीही मनाशी तेच म्हटलं, तुम्ही आत्ता म्हणालात ते. आडात पाच, तर पोहऱ्यात सात हजार कुठून येणार?

सर : हं.

बाई : आता सावकाश विचार कर. पाच खरे आहेत. आणि सात हजारही खरे आहेत.

मुलगी : दोन्ही?

बाई : दोन्ही.

मुलगी : मग... पोहरा परत आडातच ओतला जात असेल.

सर : पुढे बोल.

मुलगी : तेच रक्त, सर. तेच पाच लिटर, फिरून फिरून. सत्तर गुणिले सत्तर, म्हणजे मिनिटाला... पाचच लिटर की जवळजवळ. थांबा. म्हणजे मिनिटाभरात सगळं रक्त एक फेरा मारून येतं?

बाई : सरासरी धरलीस तर हो.

मुलगी : मग मी दारातून आत आले तेव्हापासून कितीदा तरी जाऊन आलं. मी इथे भीतीनं गोठून बसले होते, आणि ते आपलं चाललंय. झोपेतसुद्धा. मी जन्मायच्या आधीपासून. त्याला कुणी चल म्हणत नाही. बाई, मला रडू येतंय. पेपरसाठी नाही हं.

बाई : कळलं गं कशासाठी ते. इतकी वर्षं शिकवतेय मी हे. टँकर मात्र आज दिसला.

सर : दरवर्षी हा प्रश्न घालतो मी. सात हजार दिसले की गुण द्यायचे, पुढचा पेपर घ्यायचा. पोरं उत्तर लिहितात आणि मोकळी होतात. त्या आकड्याला दचकलेली ही पहिलीच.

बाई : पण नियमानं शून्य, सर.

सर : खोडल्याचं शून्यच. तोंडीचा हिशेब वेगळा. विज्ञान नाही सुटत तुझं, पोरी. डोळे पूस.

(सर आपल्या डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवतात.)

बाई : मग गुण किती मांडू?

सर : मिनिटभर थांबा, बाई. एक फेरा होऊ द्या.