साहेबाच्या काठ्या आणि आमचा कुंचा

गुलाम नबी: ...नाई, विटेची पूड तं नावच घेऊ नको. बंगल्यावरच्या शेषरावानं मंगळवारी साहेबाच्या काठ्या विटेच्या पुडीनंच घासल्या. काठ्यायचं रोगन गेलं आन शेषरावाची नौकरीबी गेली. साहेबानं त्याले फाटकापर्यंत ढकलत नेलं. म्हणून तं सारा भारा उचलून तुह्या वसरीत आलो, शालिकराम. बंगल्यावर बसून मले काई सुचून नाई राहिलं.

शालिकराम: हं.

कौशल्या: काठ्या कायच्या म्हणता नबीभाऊ? याइले तं खाली लोखंडाचे खूर हायेत. काय करते तुमचा साहेब याइनं?

गुलाम नबी: खेळते, वहिनी. बंगल्यामागं वावर हाय न, त्यात वाडग्याएवढं बीळ खोदलं हाय. दुरून एक बारकासा पांढरा चेंडू हाणते. बिळात गेला का खुश. नाई गेला का माह्यावर डाफरते. त्याच्या मुलखात, स्काटलंड म्हणते तो, तिथी म्हणे मोठमोठे सरदार हेच करतात.

कौशल्या: ओ बाप्पा! अन् कामधंदा?

गुलाम नबी: सकाळी कापसाच्या गठाणी पाहाच्या, दुपारून हे. अमरावतीचा अर्धा कापूस त्याच्याच अंगणातून मुंबईले जाते. त्याले काय कमी हाय?

शालिकराम: काळी माती हाय ही.

गुलाम नबी: तेच तं रडणं हाय! त्याच्या मुलखात रेती हाय म्हणे, झटकली का गेली. आपली वऱ्हाडची माती एकदा बसली का दगड. अन् बसते कुठं, हे पाहा. इथी, मानेवर. लाकडाले डोकं जोडलं हाय, त्याच्यावर दोरा गुंडाळला हाय न, त्या दोऱ्यादोऱ्यात. लोखंड कोनीबी पुसन. दोऱ्यातली माती कोन काढन?

शालिकराम: दाखव.

गुलाम नबी: घे.

शालिकराम: दोरा चांगला हाय. दुपदरी पीळ. मेण लावलं हाय.

कौशल्या: माग बंद पडल्यापासून अकरा महिन्यात यायनं दोऱ्याले पहिल्यांदा हात लावला, नबीभाऊ.

शालिकराम: पाहून राहिलो नुसता.

कौशल्या: तेच म्हणून राहिली मी. पाहा न बापा. कोन नको म्हणते.

गुलाम नबी: तू सांग फक्त, कायनं घासू. बंगल्यात जे जे घासाचं होतं ते मी गोणपाटात भरून आणलं. हा नारळाचा काथ्या.

शालिकराम: लाकडाले ओरखडे पडतीन.

गुलाम नबी: हा घोड्याचा खरारा.

शालिकराम: याचे दात लोखंडाचे हायेत. एका हातात दोरा तुटन.

गुलाम नबी: बरं. हे बाभळीचं दातण.

कौशल्या: चावून आणलं का काय?

गुलाम नबी: तोबा! सहदेव माळ्यानं दगडानं ठेचून देलं. माह्या दातात कुठं एवढा जोर हाय आता?

शालिकराम: यानं निघन. पण एका काठीले दिवस जाईन. तुह्या नऊ हायेत.

गुलाम नबी: मंग एकच उरलं. गोणपाटाच्या तळाशी हाय. तूच काढ, मी नाई हात लावत.

कौशल्या: काहून? इंचू हाय का त्यात?

गुलाम नबी: इंचू बरा, वहिनी. विलायती ब्रश हाय, सुवराच्या केसाचा. साहेबानं खास याच्यासाठीच मागवला. मी म्हटलं, हुजूर, मान कापा पण हे माह्याच्यानं होनार नाई. तं तो हासला, अन् म्हणे, मंग तुह्या मनानं दुसरं काई शोध. पण ऐतवारी नागपूरचा साहेब खेळाले येऊन राहिला. तवरिक साऱ्या काठ्या नव्यावानी पाहिजेत. नाई तं शेषरावाच्या मागं तूबी चालाले लाग. आता या वयात मी कुठं जाऊ? घरवालीले, रजियाबीले काय सांगू?

शालिकराम: केस नरम हायेत याचे. ही माती हालनारबी नाई.

गुलाम नबी: म्हणजे साहेबाचा ब्रशबी खोटा अन् माहं दातणबी खोटं. मंग असं काय हाय का मातीबी काढन, दोराबी तोडनार नाई अन् लाकडाले ओरखडाबी नाई? बरं, मीच सांगतो. मी मनात धरूनच आलो होतो. तो तिकडे भिंतीले टांगला हाय न, तुमचा कुंचा.

कौशल्या: सुताले पेजेची खळ लावाचा?

गुलाम नबी: तोच. तुमी दोघं पहाटे गल्लीत उभ्या सुताचा ताणा ताणत होते, दोन बाजूनं दोघं, अन् त्याच्यावरून हा कुंचा ओढत जात होते. मी नमाजाले जाताना रोज पाहाचो. हजार दोऱ्यायवरून फिराचा, पण एक दोरा तुटत नोहता.

कौशल्या: तुटाचा कधीमधी.

गुलाम नबी: कधीमधीच न! लाकडाच्या पट्टीले वाळ्याच्या मुळ्या बसवल्या हायेत त्याच्या, कडकबी अन् मऊबी. अन् असं नको समजू शालिकराम का मी फक्त वस्तू मांगून राहिलो. काम तुलेच हाय. साहेबाले मी सांगून ठेवलं, एक कोष्टी हाय, त्याच्या हाताले दोरा समजते. रोज सकाळी याचं, काठ्या साफ कराच्या, तेल लावून ठेवाच्या. ऐतवारी पास झालं का काम पक्कं. सावलीतलं काम हाय. गठाणी उचलून कंबर तं मोडनार नाई.

कौशल्या: हे गठाणीबी नाई उचलत. बसून राहतात. मी वेचणीहून येते तवा जिथी बसवून गेली तिथीच असतात. ऊन अंगावर येते तरी सरकत नाई.

शालिकराम: ऊन लागत नाई मले.

कौशल्या: ऐकलं? असं बोलतात.

गुलाम नबी: म्हणून तं म्हणतो, वहिनी. माणूस कामाले लागला का बरा होते.

कौशल्या: काम तं पाहिजेच, मी कुठं नाई म्हणते? पण कुंचा देल्यावर उद्या माग कसा चालवाचा? ती लढाई सरली का कापूस इथी राहीन, सूत येईन. तवा ताण्याले खळ कायनं लावाची, हातानं?

गुलाम नबी: ती अमेरिकेची लढाई? साहेब रोज कागद वाचते. म्हणते, अजून चालन. अन् सरली तरी काय, वहिनी? विलायतच्या गिरणीचं कापड गाड्या भरभरून येऊन राहिलं. आपलाच कापूस जाते अन् लुगडं होऊन येते. खोटं नाई सांगत, माह्या रजियाबीच्या अंगावरबी आता तेच हाय.

शालिकराम: मागाच्या खड्ड्यात कोंबडी अंड्यावर बसली हाय.

कौशल्या: कोंबडी उठवता येते.

शालिकराम: हं.

गुलाम नबी: मंग काय करू? उतरवू का कुंचा?

शालिकराम: पाहा.

गुलाम नबी: पाहा म्हणजे काय? हो का नाई?

शालिकराम: पाहाले काय जाते? उतरव.

गुलाम नबी: वा! अरे, भल्ला जड हाय. तेल पिऊन पिऊन काळा पडला. कुठचा हाय हा?

कौशल्या: बार्शीटाकळीचा. आमच्या लग्नाच्या सालातला. नवा होता तवा भल्ला टोचाचा. दोन वर्षं ताणे तोडले त्यानं, तवा कुठं वळणावर आला.

गुलाम नबी: पण हा दीड हात लांब हाय, शालिकराम. काठीच्या मानेवर हा कसा फिरन? एका हातात मावन एवढाच पाहिजे. मधून कापावा लागन.

कौशल्या: कापावा लागन?

गुलाम नबी: नाई तं पूर्ण नेऊन काय करू? साहेब म्हणन, झाडूवाला आणला का काय.

कौशल्या: कापल्यावर मंग तो ताण्याच्या कामाचा राहत नाई, नबीभाऊ. दोघायच्या मधात तो सरळ पाहिजे. अर्धा म्हणजे काईच नाई.

गुलाम नबी: समजते मले, वहिनी. म्हणूनच तं विचारून राहिलो. शालिकराम, बोल बापा.

शालिकराम: हिले विचार.

गुलाम नबी: वहिनी?

कौशल्या: घरधनी ते. त्यायलेच विचारा.

गुलाम नबी: अरे मियाँ! त्या चेंडूवानी मले इकडून तिकडे हाणून राहिले दोघंबी. बरं, सीधं विचारतो. नाई म्हणून राहिलं का कोनी?

शालिकराम: ...

कौशल्या: ...

गुलाम नबी: कोनी नाई. मंग झालं तं. करवत हाय का घरात?

शालिकराम: वळचणीत हाय.

कौशल्या: काढून देऊ?

शालिकराम: दे.

कौशल्या: देऊ म्हणता?

शालिकराम: देशीन तं दे.

कौशल्या: घ्या. ही करवत.

गुलाम नबी: कुठून कापतं?

कौशल्या: कुठूनबी कापून कसं चालन? हे टोक यायचं अन् हे माहं. पाहा न, माह्या बाजूच्या मुळ्या तिरप्या झिजल्या हायेत. मी ठेंगणी, माहा हात खालून याचा. यायची बाजू सपाट हाय.

गुलाम नबी: मंग सपाटच बरी पडन काठीले. शालिकराम, तुहीच बाजू काप.

शालिकराम: हो.

गुलाम नबी: कुंचा हालून राहिला. वहिनी, तुमचं टोक धरा जरा. पक्कं धरा. हां, आता चालव.

शालिकराम: धरलं का?

कौशल्या: धरलं.

गुलाम नबी: चालव, चालव. लाकूड जुनं हाय, पण कापलं जाऊन राहिलं... काय झालं? काहून थांबला?

शालिकराम: काई नाई.

गुलाम नबी: करवत अडली का?

शालिकराम: नाई.

गुलाम नबी: मंग चालव न. पाव तं झालंच हाय. वहिनी, तुमी तिकडे कुठं पाहून राहिल्या? टोकाकडे ध्यान ठेवा, नाई तं वाकडं जाईन.

कौशल्या: ठेवलं हाय ध्यान.

गुलाम नबी: हां, असं... अर्धं झालं... पुन्हा थांबला? हात दुखून राहिला का? आण मी करतो.

शालिकराम: नको. मीच करतो.

गुलाम नबी: कर बापा. तुही वस्तू हाय... झालं! निघालं! जरा ती काठी आण. फिरव बरं मानेवर. पानी लाव थोडं. वा रे वा, पाहा वहिनी, काळं पानी कसं निथळून राहिलं! अन् दोरा? दोरा जसाचा तसा! खुदा कसम, सुवराचे केस फिके पडले याच्यापुढं. शालिकराम, ऐतवारी पाहा, नागपूरचा साहेब तुलेच मांगून नेईन.

शालिकराम: कधी येऊ?

गुलाम नबी: उद्या सकाळीच ये. आठ काठ्या राहिल्या अजून. हा कुंचा मी घेऊन जाऊ का तू आणतं?

शालिकराम: तूच ने.

गुलाम नबी: बरं. चाललो. तुमचे उपकार झाले बापा, वहिनी. आज रजियाबी दोन घास सुखानं खाईन.

कौशल्या: सलाम सांगा त्यायले.

(गुलाम नबी काठ्यांचा भारा घेऊन जातो.)

शालिकराम: तुही बाजू उरली.

कौशल्या: दिसून राहिलं मले.

शालिकराम: टांगू का पुन्हा?

कौशल्या: टांगून काय कराचं? पूजा कराची? राहू द्या तिथीच.

शालिकराम: बरं.

कौशल्या: एक विचारू? करवत दोनदा काहून थांबवली?

शालिकराम: असंच.

कौशल्या: असंच नाई. वीस-बावीस वर्षं तुमचा हात पाहून राहिली मी. तो असाच थांबत नाई.

शालिकराम: वाटलं, तू थांबा म्हणशीन.

कौशल्या: मी?

शालिकराम: खळ लावताना तूच म्हणत होती न. माही नजर दोऱ्यायवर राहाची, ताणा कुठं सरला ते मले दिसत नोहतं. तू थांबा म्हटलं का मी हात उचलाचो. मी माह्या मनानं कधी उचलला नाई.

कौशल्या: अवं माय! अन् मी तुमची वाट पाहून राहिली होती! परक्या माणसाच्या तोंडासमोर मी कशी अडवू तुमाले? अन् खरं सांगू, मले अडवाचंबी नोहतं. मले वाटलं, माग बंद पडला, सूत गेलं, तवा हा माणूस एक शब्द बोलला नाई. आता कुंच्याले करवत लागली तं तरी बोलन. शिव्या देईन. नबीभाऊले हाकलून देईन. मी टोक धरून तेच ऐकाले उभी होती. तुमाले काईच होत नाई, याचंच मले भेव वाटते हो.

शालिकराम: मलेबी वाटते.

कौशल्या: मंग बोलले काहून नाई?

शालिकराम: तोंडाशी येत नाई. म्हणून तं तुह्याकडे पाहून राहिलो होतो. दोनदा पाहिलं.

कौशल्या: मी तिकडे पाहून राहिली होती.

शालिकराम: हो.

कौशल्या: थांबा म्हणते मी. आता म्हणते. थांबा.

शालिकराम: आता कापला वं.