उतरायचं राहिलंय

‘ये, सायकल शिकवतो,’ असं मित्राचं पत्र वर्षभर माझ्या पुस्तकात खुणेसारखं पडून होतं. या वयात मला जमेल का, या शंकेने उत्तरच दिलं नव्हतं. काल बसथांब्यावर एक साठीची बाई सायकलवरून सुसाट आली आणि खांबाला मिठी मारून थांबली. रांगेतली तिची नणंद ओरडली,

“अगं वहिनी! हे काय?”

“वन्सं, मंडईपासून एकटी आले, एकटी!”

“मग खांबाला का लटकलीस?”

“चढायला शिकलेय, उतरायचं राहिलंय.”

“मंडईत कशी उतरलीस?”

“भाजीवाल्याने धरलं. भोपळाही त्यानेच पिशवीत घातला.”

“आणि घरी?”

“तुमचे भाऊ फाटकात हात पसरून उभे राहतात. लग्नानंतर पहिल्यांदाच!”

“हाडं मोडतील गं!”

“मोडू देत. उतारावर वारा काय लागतो, वन्सं! बसा मागे.”

“मी? वेड लागलंय का तुला? …भोपळा कुठे धरू?”

“मांडीवर. आजोबा, जरा ढकलता का?”

मी ढकललं. दोघी किंचाळत, हसत निघून गेल्या.

बस आली, ती मी सोडली. समोरच्या पोस्टातून कार्ड घेतलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं, ‘येतो. उतरताना धरायला फाटकात उभा राहा.’ पुन्हा वाचून न बघता ते पेटीत टाकलं.