दाराखालची दोन बोटं

माझा जल्म अक्कलकोटच्या खालच्या अंगाचा, घरात कानडी, बाहेर मराठी, त्यामुळं बोलताना माझं कुटं घसरलं तर तुमी सावरून घ्या. बा लोकांची जनावरं राखायचा, मला काय त्यात गोडी न्हवती, म्हणून मी सोलापूरला आलो आन् गिरणीत लागलो. आधी झाडायला हुतो, मग लायटीच्या खात्यात घेतलं. तितले उस्ताद मुसलमान हुते, लई कडक माणूस. सुताच्या खात्यात भिंतीएवढं पंखे हुते हवा बाहेर फेकायला, ते दाखवून म्हणायचे, पैले हवा आने की जगा देख, फिर पंखा लगा. म्हंजे हवा आत यायला वाट न्हाय तर पंखा नुसता गुरगुरतोय, आन् मग कुटनं बी हवा वढून घेतोय. हे मी तवाच शिकलो, काय सांगू तुमाला, तवाच शिकलो हुतो.

पुढं मी बाहेरची बी कामं करायला लागलो. सात रस्त्याजवळ एका बंगल्यात न्हाणीतला पंखा बदलला, जुना चांगला हुता, मालकीणबाई म्हणाल्या घिऊन जा. आमच्या न्हाणीत तांब्याचा बंब, त्याचं नळकांडं भिंतीतनं बाहेर गेल्यालं, तरी बी पेटवताना धूर व्हायचाच, भिंतीला कायम वल. मी म्हटलं आपल्याकडं बी बसवू. लोक काय करत्यात, पंख्याचं तोंड माळ्यावर काढत्यात, सोपं पडतंय म्हणून, मग माळ्यावरच्या गोधड्या बुरसटत्यात आन् शिव्या वायरमनला. मी तसं न्हाय केलं. बोळाच्या बाजूनं भिंत फोडली, पत्र्याचा पाइप घातला, बाहेरच्या अंगाला थोडा उतार दिला म्हंजे पाणी आत येऊ ने, तोंडाला झडप लावली. बटण न्हाणीच्या बाहेर, वल्या हाताचं भ्या नको म्हणून. आन् दाराला खालनं करवत लावून दोन बोटं कापलं, हवा आत यायला. बायको म्हणाली, चांगलं दार कापलं की हो. मी म्हटलं, तुला न्हाय कळायचं. आता वाटतंय तवाच बसवून नीट सांगायला पायजे हुतं, पर मी कवा तिला बसवून काय सांगितलंय.

आमची एकच लेक, महादेवी. मंगळवेढ्याला दिली हुती, पयल्या बाळंतपणाला म्हायेराला आली. मुलगी झाली. आमच्यात बाळंतिणीला वारं लागू द्यायचं न्हाय, कानाला फडकं, खिडकीला गोणपाट, समदं बंद. तायव्वा म्हणून एक बाई यायची न्हाऊ घालायला, बंब ढणढणा पेटवायची, कढत पाण्यानं न्हाऊ घालायची आन् मग घाम फुटंस्तवर लेकीला तितंच दार लावून बसवायची. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मी बघितलं, बायकोनं दाराखाली जुन्या चादरीचा बोळा घातलेला. मी काढला. ती म्हणाली, पायाला वारं लागतंय तिच्या. मी म्हटलं, घालू नगंस, आन् गेलो पाळीला. एवढंच बोललो. बोळा का नको, ते न्हाय बोललो.

त्या बायका पंखा लावतच न्हवत्या, पंखा म्हंजे बी वारंच की. म्हणून इतके दिवस काय झालं न्हाय. त्या दिवशी मला सुट्टी हुती. मी अंगणात दाढी करत हुतो. न्हाणीतनं लेकीच्या खोकल्याचा आवाज आला. मला वाटलं धूर कोंडलाय, म्हणून उठलो, बटण दाबलं आन् परत आरशाम्होरं येऊन बसलो. माझ्या हातानं दाबलं.

जरा येळानं पंख्याचा आवाज बदलला, जड झाला, गुरगुरायला लागला. मी गालाला साबण लावताना मनात म्हणतोय, तेल द्यायला झालंय. गिरणीत हजारदा ऐकलेला आवाज बघा, आन् मला वाटतंय तेल. मग एकदम आठवलं. पळत गेलो, दाराखाली उजेडाची रेघ न्हाय. बोळा ह्या येळंला आतनं घातलेला. म्हंजे पंखा आता बंबाच्या नळकांड्यातनं हवा वढत हुता, बाहेर जाणारा धूर उलटा आत. मी बटण बंद केलं, महादेवी महादेवी म्हणून हाका मारल्या, वो न्हाय.

बायको आन् तायव्वा आतल्या खोलीत बाळाला धुरी देत हुत्या. बायको धावत आली, मी दाराला खांदा लावणार तर माझा दंड धरला, अहो सरा, पोरीच्या अंगावर कापड न्हाय, बाप हाय तुमी. आन् मी सरलो. काय सांगू तुमाला, मी सरलो. ती दार वाजवतीया, आतनं कडी, ती चादर आणायला पळाली, आन् ती येस्तवर मी भिंतीकडं तोंड करून हुबा ऱ्हायलो, अर्धी दाढी तशीच. मग म्हणाली तोडा, मग तोडलं.

जगली. मोठ्या दवाखान्यात किती दिवस हुती. डाक्टर म्हणाले, डोक्याला हवा कमी पडली, आणखी उशीर झाला असता तर गेलीच हुती. आन् लवकर काढली असती तर, हे मी इचारलं न्हाय. आता तिचे हात थरथरत्यात, सांगितल्यालं ध्यानात ऱ्हात न्हाय, चुलीवर दूध ठेवून इसरती. सासरच्यांनी वर्षभर वाट बघितली, मग तिची पेटी एष्टीत टाकून पाठवून दिली. त्यांना तरी काय म्हणू. नात आता शाळंत जातीया, तीच आईची वेणी घालती.

मी अजून पंखे बसवतो लोकांकडं, आधी दार कापतो, आन् घरातल्या बायकांना बोलवून सांगतो, हितं कवाच काय कोंबायचं न्हाय, धूर उलटा येतोय. त्या हसत्यात, म्हातारा एकच सांगतोय. सांगू दे की.

पर एक हाय. त्या धांदलीत पंखा चालू हुता का बंद, कुणाच्या ध्यानातच न्हाय, बटण कुणी दाबलं हे कुणी इचारलंच न्हाय. बायकोला वाटतंय, तिनं लेकीला आतनं बोळा घालायला सांगितलं म्हणून झालं. इतकी वर्सं सोमवारी देवाम्होरं कान धरून हुबी ऱ्हाती. मी मागनं बघतो. रोज म्हणतो आज सांगू, आन् जिभंवर येत न्हाय. तुमाला सांगितलं, तुमी लिहून घेताय आन् तिला वाचता येत न्हाय म्हणून सांगितलं.

तुमच्या लेकीबाळी सुखात ऱ्हावोत, दाराखाली दोन बोटं सोडा तेवढी. बरं, ऱ्हाऊ द्या आता, ती बघा चा घिऊन आली.