पहिल्या गिअरमधले पाहुणे

पुंडलिकराव : तो दांडा खाली ठेव, श्रावण. हातात धरून बसल्याने तो पुन्हा आपल्या जागी बसणार नाही.

श्रावण : कुठं ठेवू, काकाजी? गिअरचा दांडा मुळासकट हातात आला!

पुंडलिकराव : खड्डा किती खोल होता?

श्रावण : मोजला नाही जी.

पुंडलिकराव : निदान अंदाज सांग. वीतभर? हातभर?

श्रावण : तुमची टोपी उडून मागच्या सीटवर पडली, इतका.

पुंडलिकराव : ठीक आहे. आता क्रमाने विचार करू. पहिली गोष्ट. खड्ड्यातल्या दगडाने गाडीच्या पोटाखालची क्लचची सळई तोडली. पाय दाबून पाहा.

श्रावण : दाबला. अंगठा तुटलेल्या चपलेवानी लागते.

पुंडलिकराव : दुसरी गोष्ट. तू घाबरून दांडा ओढलास आणि तो निघून आला. तिसरी गोष्ट. गाडी पहिल्या गिअरमध्ये अडकली. निष्कर्ष असा की ती आता माणसाच्या चालीने चालत राहील, आणि आपल्याला तिला थांबवता येणार नाही.

श्रावण : ब्रेक आहे ना!

पुंडलिकराव : ब्रेक लावलास की इंजिन बंद पडेल. सकाळी यवतमाळला ही जीप देताना जलालभाईने काय सांगितले होते? बॅटरी मेलेली आहे, पुढून हँडल मारून सुरू करा. गिअर अडकलेला असताना हँडल मारले, तर गाडी मारणाऱ्याच्याच अंगावर चढेल. तो मारणारा तू की मी, एवढे ठरव आणि खुशाल ब्रेक लाव.

श्रावण : म्हणजे वणीच्या मिस्त्रीपर्यंत थांबायचंच नाही?

पुंडलिकराव : नाही. जलालभाईची बहीण गौहर उद्या सकाळी याच जीपमधून सासरी निघणार आहे. गाडी संध्याकाळी परत आणीन, असा मी शब्द दिला आहे.

श्रावण : अन् मुलगी पाहायचं काय? हे मारेगाव आलं. फिटर नागोरावांच्या घरी पोहे शिजले असतील.

पुंडलिकराव : कार्यक्रम रद्द करण्याचे कारण दिसत नाही. घराला चहूबाजूंनी मोकळे आवार आहे, असे त्यांच्या पत्रात आहे. आपण घराला वळसे घालत राहू. वीस मिनिटे पुरेत.

श्रावण : काकाजी, ही दहावी मुलगी. आधीच्या नऊ तुमच्या बावीस प्रश्नांत नापास झाल्या. पोस्टात माझे सोबती मले 'वापस आलेलं पाकीट' म्हणून राह्यले. आज तरी तो कागद खिशातच राहू द्या.

पुंडलिकराव : पत्रिका पाहणे आपण सोडले, ते योग्यच झाले. परंतु एखादी गोष्ट सोडली की तिच्या जागी दुसरी, अधिक शास्त्रशुद्ध गोष्ट ठेवावी लागते. साठ टक्के गुण ही काही फार मोठी अपेक्षा नाही. उजवीकडे वळ. तेच घर.

(साल १९६१. मारेगावच्या कडेला नागोराव फिटरचे घर. अंगणात निंबाखाली एक बाज टाकलेली. माणसाच्या चालीने आलेली जीप घराभोवती फिरू लागते.)

तुळसाबाई : अगं मायबाई! पंचफुले, पाय! पावणे आले अन् चालले! अहो, थांबा ना जी! आमचं काई चुकलं काय?

पुंडलिकराव : जयभीम, तुळसाबाई! मी पुंडलिकराव, मुलाचा काका. तंत्रशाळेतला निवृत्त मास्तर. आपले काहीही चुकलेले नाही. गाडी थांबत नाही, एवढेच.

तुळसाबाई : जयभीम, जयभीम! तुमी एसटीनं येसान म्हणून तिचे बाबा फाट्यावर गेले, तुमाले घ्याले. अन् तुमी ह्या... गेले! निंबाच्या मांगं गेले!

श्रावण : आलो, मावशी! दुसऱ्या बाजूनं येऊन राह्यलो!

तुळसाबाई : आले, बाई, आले. हे घ्या पोहे. बशी धरा. धरा ना जी! गेली. फुटली.

पुंडलिकराव : दोष आपला नाही. बशी स्थिर होती आणि हात गतिमान होता. दोन्ही एकाच वेगाने चालली पाहिजेत. आपण माझ्या बरोबरीने चाला.

तुळसाबाई : चालतो बापा. आता कढईच आणतो. सराट्यानं हलवता हलवता सराट्यानंच वाढतो. बशा हायेत कोठी आता! थांबा. नाही, थांबू नका. मी येतो!

श्रावण : काकाजी, बाजूच्या कुडावरून एक बाई हसून राह्यली.

पुंडलिकराव : हसू दे. तू समोर पाहा. कोंबडी आहे.

तुळसाबाई : थे बिजलीबाई होय. तिले काई कामधंदा नाही. हे घ्या, हातातच घ्या, गरम हाये. अन् ही पाय, आमची पंचफुला. ये गं. पदर घे. गाडीसंग चाल. खाली पाय, पंचफुले, खाली पाय!

पंचफुला : खाली पाहून चालली तर चाकाखाली जाईन ना, आई. जयभीम जी.

पुंडलिकराव : जयभीम. उत्तर तर्कशुद्ध आहे. आता मी काही प्रश्न विचारेन. गुण मनातच धरतो, कारण या हादऱ्यात पेन्सिल चालत नाही. प्रश्न पहिला. शिक्षण?

पंचफुला : सातवी पास. तालुक्यात तिसरी.

पुंडलिकराव : उत्तम. दुसरा. अक्षर कसे आहे?

पंचफुला : तुमाले आलेलं पत्र मीच लिवलं होतं. 'घराला चहूबाजूंनी मोकळे आवार' हे माह्या मनानं घातलं.

पुंडलिकराव : असे! मग दुसऱ्याचे गुण मिळाले. तिसरा, स्वयंपाक. तो तर मी खातोच आहे. मीठ किंचित अधिक.

तुळसाबाई : थे वाटेतली धूळ हाये जी, मीठ नाही.

पुंडलिकराव : प्रश्न चौथा. दहा पावले चालून दाखवणे.

पंचफुला : तिसरी फेरी सुरू हाये जी.

पुंडलिकराव : खरे आहे. पूर्ण गुण. पाचवा. सुईत दोरा ओवणे. ही सुई घे. नाही, सुई मी धरतो, तू दोरा ओव.

पंचफुला : धरा नीट.

पुंडलिकराव : धरली आहे.

पंचफुला : थे तर नाचून राह्यली.

पुंडलिकराव : मी नाचवत नाही. इंजिन नाचवते आहे. श्रावण, अंमळ सावकाश.

श्रावण : ह्यापेक्षा सावकाश गेली तर बंद पडते, काकाजी.

पुंडलिकराव : आई गं! टोचली. पाचवा प्रश्न स्थगित.

तुळसाबाई : भाऊजी, रक्त आलं काय? हळद आणू? गेले बापा पुन्हा मांगं! किती फेऱ्या झाल्या वो, बिजलीबाई? चार? ही चौथी म्हंते. सात झाल्या तर लगनच लागलं, असं म्हंते.

पुंडलिकराव : त्यांना सांगा, आपण ते विधी सोडले आहेत.

तुळसाबाई : आमी सोडले जी. ह्या गाडीनं कोठी सोडले?

श्रावण : तुम्ही पण हसून राह्यल्या?

पंचफुला : कायले नाही हसू? पाच पावणे येऊन गेले. सारे बाजेवर बसले होते ओळीनं. त्यायच्यापैकी एकही असा पोहे सांडत, टोपी सावरत माह्या घराभोवती फिरला नाही.

श्रावण : पाचही जण नाही म्हणून गेले काय?

पंचफुला : पाचही. पोरगी डोळे वर करून पाह्यते म्हणे. बाबा म्हंतात, ह्या खेपेला जमलं नाही तर सरळ हो म्हणणाऱ्या पहिल्या दुजवराले देऊन टाकतो. म्हणून आई सकाळपासून 'खाली पाय, खाली पाय' करून राह्यली.

श्रावण : माझं उलटं आहे. नऊ ठिकाणी गेलो, पण प्रश्न सारे काकाजीच विचारतात. मी एकही नाही विचारला.

पंचफुला : मंग आता विचारा. काकाजी बोट चोखून राह्यले.

श्रावण : विचारू?

पंचफुला : कोपरा यायच्या आत.

श्रावण : पाय... पाय दुखून राह्यले काय तुमचे? अनवाणी चालून राह्यल्या. इथं गोटे आहेत.

पंचफुला : माहे पाय?

श्रावण : चुकलं काय माझं?

पंचफुला : नाही. मले कितीक जणांनी चालून दाखव म्हटलं. पाय दुखते काय, हे आज पहिल्यांदा आयकलं.

तुळसाबाई : पंचफुले, खाली पाय! जवाईबापूले पाहू नको. म्हंजे, अजून जवाई नाही झाले. माह्या तोंडातून गेलं जी, भाऊजी. तुमी आयकलं काय?

पुंडलिकराव : ऐकले, परंतु नोंद घेतली नाही. प्रश्न नववा.

पंचफुला : आठवा राह्यला जी.

पुंडलिकराव : सहावा आणि सातवाही राहिला आहे. हा रक्तस्राव आणि या फेऱ्या... माझा क्रम बिघडला. अठ्ठावीस वर्षांत माझा क्रम कधी बिघडला नव्हता. श्रावण, वेळ किती झाला?

श्रावण : पंचवीस मिनिटं. सहावी फेरी.

पुंडलिकराव : मग निघालेच पाहिजे. वणी दूर आहे, आणि ताशी चार मैलांहून अधिक वेग शक्य नाही. तुळसाबाई, निकाल पत्राने कळवीन. परंतु बावीसपैकी केवळ चार प्रश्न झाले असल्यामुळे साठ टक्के कसे काढावेत, हा एक पेच आहे.

तुळसाबाई : म्हंजे सारं गेलं पाण्यात? असं करू नका ना जी! तिचे बाबा तर आलेच नाहीत अजून. आणखी एक फेरी मारा!

श्रावण : काकाजी, निकाल मीच सांगतो...

पुंडलिकराव : चालत्या गाडीत निकाल लावत नाहीत. सरळ घे, श्रावण. रस्त्यावर.

पंचफुला : थांबा. आई, तो सराटा दे.

तुळसाबाई : सराटा? पोह्याचा? कायले?

पंचफुला : दे ना. सरका जी, काकाजी, मी वर येतो. झालं. आता, पेट्रोलवरचा पाय अलगद उचला. मी सांगीन तेव्हा.

पुंडलिकराव : मुली, ते उलथने घेऊन काय करतेस? त्या दांड्याच्या भोकात हात घालू नकोस! क्लच दाबल्यावाचून गिअर निघत नाही, हा मूलभूत नियम आहे. मी तो दरवर्षी फळ्यावर लिहीत असे.

पंचफुला : हात नाही घालत. सराटा घालतो. दांडा निघाला म्हणून काय झालं, खाली खाच तर दिसते. उचला पाय!

श्रावण : उचलला!

पंचफुला : हे घ्या. खट्ट.

श्रावण : थांबली! काकाजी, गाडी थांबली! इंजिन चालू आहे अन् गाडी थांबली!

तुळसाबाई : पोह्याच्या सराट्यानं! बिजलीबाई, पाह्यलं काय वो?

पुंडलिकराव : हे कसे झाले? नाही, मला नीट सांग. क्रमाने.

पंचफुला : पाय उचलला की इंजिनाचा जोर एक घडी ढिला होते. त्याच घडीले ढकललं की दात सुटते. बाबा कापसाच्या जिनमधल्या यंत्राले असंच करतात, मी डबा घेऊन जातो तेव्हा पाह्यतो. खाली नाही पाहत ना मी. आता बाबा आले की तुमची सळईही जोडून देतील. जिनमध्ये भट्टी हाये. उजेड हाये तवरच यवतमाळले पोचसान.

श्रावण : म्हणजे गौहरची गाडी वेळेवर!

पुंडलिकराव : एक शंका राहते. हा उपाय तुला केव्हा सुचला?

पंचफुला : दुसऱ्या फेरीले.

पुंडलिकराव : दुसऱ्या? मग आणखी चार फेऱ्या आम्हाला का फिरवलेस? मी सुई टोचून घेतली!

पंचफुला : गाडी थांबली असती तर तुमी त्या बाजेवर बसले असते जी, ओळीनं. अन् मले समोर उभं केलं असतं. चालती होती तवर सारेच चालून राह्यले होते.

तुळसाबाई : पंचफुले! मोठ्या माणसाले असं बोलते काय! भाऊजी, मनावर घेऊ नका, पोर हाये...

पुंडलिकराव : श्रावण, खाली उतर.

श्रावण : हो, काकाजी.

पुंडलिकराव : ती बाज इकडे सावलीत ओढ. बस, मुली. तुझे पाय दुखत असतील.

पंचफुला : अन् तुमी जी?

पुंडलिकराव : आम्ही दोघे उभे राहू. तुला काही विचारायचे असेल तर विचार. माझे अठरा प्रश्न बाकी आहेत, परंतु आता मला त्यांतला एकही आठवत नाही.

पंचफुला : कागद तुमच्या खिशात हाये जी.

पुंडलिकराव : असू दे.