राहिलेली वीस पानं

ग्रंथालयानं उशिराचा दंड बंद केला, तेव्हा रांगेतल्या प्रत्येकाच्या पदरात काही ना काही पडलं. निवृत्त कॅशियरकाकांच्या पदरात मात्र शून्य, कारण त्यांनी जन्मात पुस्तक उशिरा परत केलं नव्हतं. तीन पुस्तकं वर्षभर दडवून बसलेली शिंपीण त्यांच्या मागे उभी राहून गालात हसत होती.

"काका, कादंबरी कालच नेलीत ना? आता दंड नाही, राहू द्या की महिनाभर," ग्रंथपाल मुलगी म्हणाली.

"ठेवून काय करू, पोरी? बायकोसाठी नेली होती. पूर्वी तारीख आली की तिच्या हातातून काढून आणायचो. ह्या कादंबरीची शेवटची वीस पानं तेव्हा राहिली होती तिची."

"मग आता वाचू दे निवांत."

"आता तिला दिसत नाही."

"तुम्ही वाचून दाखवा."

"म्हटलं तिला. म्हणते, नको, शेवट मी कधीच मनानं लावून टाकलाय. त्यात नवरा शहाणा होतो."

"आणि पुस्तकात?"

"रात्री वाचून पाहिलं. नाही होत."

शिंपिणीचं हसू मावळलं.

"जाऊ द्या, काका," ग्रंथपाल मुलगी म्हणाली. "तुमच्या घरानं दंड तरी कधी भरला नाही."

"मी नाही भरला," काका म्हणाले. "तिनं भरला."